अब्बांची उधारीची वही आणि छोट्या दुकानाचा हिशेब

अब्बांचा इंतकाल झाला तेव्हा मी बी.एड. करत होते. तालुक्याच्या गावात, मोहल्ल्याच्या तोंडाशी त्यांचं किराणा दुकान होतं. अम्मी इद्दतीत होत्या. त्यांच्यासमोर बसून भाईजानने आणि मी गल्ल्याखालची उधारीची वही उघडली. त्यात नावं अशी होती : ‘निळा दरवाजा – ३४०’, ‘रिक्षावाला – १४०’, ‘हाजीसाबचे जावई – ११००’. तारीख नाही, माल कुठला ते नाही, मध्ये किती पैसे आले तेही नाही. हिशेब सगळा अब्बांच्या डोक्यात होता. तो त्यांच्याबरोबर गेला.

बेरीज केली तर येणं ३८ हजारांच्या आसपास निघालं. हाती आले जेमतेम ११ हजार. काहींनी स्वतः येऊन दिले, त्यांना अल्लाह बरकत देवो. काही म्हणाले, “आम्ही अब्बांना कधीच देऊन टाकले.” खरं असेलही. विचारायचं कोणाला?

पंधरा दिवसांनी एक घाऊक व्यापारी त्यांची वही घेऊन आले. अब्बांकडून ४६ हजार येणं होतं म्हणाले. आमच्याकडे बिल नाही, पावती नाही. ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. पण खरं किती हे तपासायला आमच्या हातात काहीच नव्हतं. मयताचं कर्ज आधी, वारसांची वाटणी नंतर, हा दीनचा कायदा. अम्मींनी पाटल्या मोडल्या आणि पैसे दिले.

आता मी शाळेत गणित शिकवते. नफा-तोट्याचा धडा आला की वर्गातल्या मुलांना विचारते, तुमच्या दुकानाला महिन्याला किती नफा होतो? वर्गात निम्मी मुलं गॅरेजवाले, बेकरीवाले, टेलर, फळवाले यांची. पुस्तकातली उदाहरणं पटापट सोडवतात. घरच्या दुकानाचं विचारलं की उत्तर येतं, “मॅडम, अब्बा गल्ल्यातून काढून देतात.”

बागवान, अत्तार, मण्यार, तांबोळी, कुरेशी, मोमीन. आपल्याकडे आडनावातच धंदा आहे. मेहनत कमी नाही, ओळख कमी नाही. कमी पडते ती लेखी नोंद. म्हणून हा लेख.

लिहिणं हा हुकूम आहे

कुरआनमधली सर्वांत मोठी आयत कोणती, हे मदरशात शिकलेलं मूल सांगेल : सूरह बकराची २८२वी. पण ती कशाबद्दल आहे, हे दुकानात बसणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं? ती उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे. ठराविक मुदतीचं देणं-घेणं असेल तर ते लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, साक्षीदार घ्यावेत, रक्कम छोटी असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. रोखीच्या हातोहात सौद्याला लिहिण्यातून सूट आहे. उधारीला नाही.

त्यातली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मजकूर कोणी सांगायचा? ज्याच्यावर देणं आहे त्याने. म्हणजे नोंद दुकानदाराच्या मर्जीची नाही, गिऱ्हाइकाच्या कबुलीची. आपण नेमकं उलट करतो. गिऱ्हाईक गेल्यावर घाईघाईत आकडा टाकतो.

“आपल्याच माणसाकडून काय सही घ्यायची, त्याला वाईट वाटेल,” हे मी शंभर वेळा ऐकलं आहे. वाईट सही मागितल्याने वाटत नाही. दोन वर्षांनी आकड्यावरून वाद झाला की वाटतं, आणि मग सलाम-दुआ बंद होते. प्रेषित मुहम्मद (स.) जनाज्याच्या नमाजेआधी मयतावर कर्ज आहे का, हे विचारत. देणं हा विषय इतका गंभीर आहे.

उधारीची वही कशी असावी

मोबाइलमधलं ॲप असो की तीस रुपयांची वही, प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी हव्यात : तारीख, पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर, माल, रक्कम, गिऱ्हाइकाची सही. सही जमत नसेल तर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर मेसेज टाका : “आजचे ४२०, आधीचे ६००, एकूण १०२०.” समोरून “हो” आलं की दोघांकडे नोंद राहिली. पैसे आले की तेही तारखेसह लिहा आणि शिल्लक पुन्हा कळवा.

देशाचा कायदाही हेच सांगतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ प्रमाणे धंद्याच्या हिशेबाच्या वहीतली नोंद पुरावा म्हणून चालते. पण फक्त आपल्या वहीत लिहिलं आहे एवढ्यावर समोरच्यावर देणं लागू होत नाही, सोबत आणखी पुरावा लागतो. गिऱ्हाइकाची सही, त्याचा मेसेज, बिलाची प्रत हा तो पुरावा.

दुसरी गोष्ट मुदतीची. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे विकलेल्या मालाच्या पैशांचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो. तीन वर्षं संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून जुनी थकबाकी असेल तर दरवर्षी एकदा शिल्लक मान्य असल्याची सही घ्या. कोर्टात जायची वेळ बहुधा येत नाही. पण कागद असला की बोलणं सरळ होतं.

आणि उधारीला मर्यादा ठेवा. एका घराला किती आणि किती दिवस, हे आधी ठरवा. मर्यादा झाली की नवीन माल रोखीने. हे गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगितलं तर राग येत नाही.

इथे कोणी म्हणेल, मग गरिबाचं काय? त्याचंही उत्तर आहे. अडचणीत असलेल्याला सवड द्या, माफ केलंत तर ते तुमच्यासाठी अधिक चांगलं, हे त्याच सूरह बकराच्या २८०व्या आयतीत सांगितलं आहे. पण माफ करणं आणि विसरणं यात फरक आहे. वहीत ‘माफ’ असा वेगळा रकाना करा. वर्षाअखेरीस बेरीज करा. मग कळेल की आपण नेकी किती केली आणि निष्काळजीपणाने किती घालवलं.

गल्ला म्हणजे घरखर्चाचा डबा नाही

धंदा बुडतो तो बऱ्याचदा विक्री कमी म्हणून नाही. विक्रीलाच कमाई समजल्यामुळे बुडतो. एक उदाहरण फळ्यावर मांडते तसं मांडते.

दुकानाची रोजची विक्री ८,००० रुपये. त्यात सरासरी १२ टक्के सुटतात, म्हणजे ९६०. दुकानभाडं महिन्याला ६,०००, म्हणजे रोजचे २००. लाइट आणि किरकोळ १००. पोऱ्याची हजेरी ४००. झाले ७००. मालकाच्या हातात खरे राहिले २६०.

आता घरी काय जातं? सकाळी दूध-भाजीला २००, मुलांच्या फीसाठी थोडे, संध्याकाळी पाहुणे आले म्हणून मटण. सरासरी ६०० धरा. कमाई २६० आणि उचल ६००. रोज ३४० रुपये भांडवलातून जातात. महिन्याला १०,२००. वर्षाला सव्वा लाखाच्या जवळ.

गल्ल्यात रोज आठ हजार दिसतात, म्हणून हे कळत नाही. आधी फळीवरचा माल विरळ होतो. मग होलसेलवाल्याची उधारी वाढते. मग तो रोखीने माल घ्या म्हणतो. रोख नसते, माल नसतो, गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. आणि आपण म्हणतो, “नजर लागली” किंवा “मॉलवाल्यांनी मारलं.”

उपाय सोपा आहे, पण मन घट्ट करावं लागतं. मालकाने स्वतःचा पगार ठरवायचा. वरच्या उदाहरणात तो महिन्याला साडेसात-आठ हजारांपेक्षा जास्त निघत नाही. तेवढ्यात घर चालत नसेल, तर ते आजच कळलेलं बरं. मग विक्री वाढवा, जास्त सुटणारा माल ठेवा, भाड्याबद्दल बोला, किंवा घरातल्या आणखी एकाने काम पाहावं. पण गल्ल्यात हात घालणं हा मार्ग नाही.

बँकेत दोन खाती ठेवा. दुकानाचा क्यूआर कोड दुकानाच्या खात्याला जोडा. मुलीच्या लग्नाचा आहेर, मामूंकडून आलेले हातउसने, मित्राची परतफेड हे त्या खात्यात घेऊ नका. महिन्याच्या एक तारखेला दुकानाच्या खात्यातून घरच्या खात्यात पगार पाठवा. माल घरी नेला तर तोही वहीत लिहा. तेलाचा डबा घरी गेला म्हणजे तो विकला गेला नाही, हे लक्षात राहावं.

घरून धंदा करणाऱ्या बहिणींसाठी

आता घरोघरी आपा-भाभी टिफिन, बिर्याणीच्या ऑर्डरी, शिलाई, मेहंदी करतात. त्यांचा हिशेब वेगळ्या ठिकाणी चुकतो : स्वतःची मेहनत शून्य धरली जाते. समजा एका ऑर्डरचं सामान ९०० चं, गॅस ६०, डबे-पिशव्या ४०, रिक्षा ६०. झाले १,०६०. ऑर्डर १,२०० ला दिली. राहिले १४०, आणि काम तीन तासांचं. म्हणजे तासाला ५० रुपयेसुद्धा नाहीत. दर सांगण्याआधी हे गणित एकदा कागदावर करा. “शेजारीण हजारात देते” म्हणून दर पाडू नका. तिनेही बहुतेक गॅस मोजलेला नसतो.

आणखी एक. ही कमाई त्या बाईची आहे. पैसे तिच्या नावाच्या खात्यात यावेत. शरीअतने बाईची मिळकत तिचीच मानली आहे, घरात द्यायची की नाही हे ती ठरवेल.

भावांची भागीदारी

आपल्याकडची सर्वांत मोठी भांडणं इथे होतात. एका भावाने दुबईहून पैसे पाठवले, दुसऱ्याने दुकान चालवलं. दहा वर्षं सगळं गोड. मग मुलं मोठी होतात आणि प्रश्न येतो : दुकान कोणाचं?

भारतीय भागीदारी कायदा, १९३२ काय सांगतो ते ऐका. वेगळा करार नसेल तर नफा आणि तोटा भागीदारांत समान वाटला जातो, भांडवल कोणाचं किती हे न पाहता. भागीदारीची नोंदणी नसेल तर आपसातल्या करारावरून एकमेकांवर किंवा बाहेरच्या देणेकऱ्यावर दावा करणंही अडतं.

फिक्हमध्ये दोन सरळ पद्धती आहेत. दोघांचे पैसे असतील तर मुशारका : नफा ठरलेल्या हिश्शाने, तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात. एकाचे पैसे आणि दुसऱ्याची मेहनत असेल तर मुदारबा : नफा ठरलेल्या हिश्शाने, तोटा पैसेवाल्याचा आणि मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया. मात्र त्याने हयगय किंवा बेइमानी केली तर जबाबदारी त्याची. हजरत खदिजा (रजि.) यांचा माल घेऊन प्रेषित (स.) व्यापाराला गेले होते, ते याच वळणाने.

म्हणजे काहीच लिहिलं नाही तर तोट्याच्या बाबतीत कायदा एक सांगेल आणि फिक्ह दुसरं. म्हणून स्टॅम्पपेपरवर करार करा. कोणाचे पैसे किती, काम कोण करणार, काम करणाऱ्याला पगार की फक्त हिस्सा, नफा किती-किती, हिशेब कधी दाखवायचा, एखादा बाहेर पडला किंवा त्याचा इंतकाल झाला तर काय, हे सगळं त्यात यावं. जागा कोणाच्या नावावर आहे, तेही.

एक इशारा. “तुमचे एक लाख द्या, महिन्याला तीन हजार पक्के, हलाल कमाई,” असं कोणी म्हणालं तर थांबा. रक्कम आधीच पक्की आणि तोट्यात वाटा नाही, तर ती भागीदारी नाही, व्याज आहे. नाव कोणतंही दिलं तरी. अशा योजनांत मस्जिदीतली ओळख दाखवून पैसे गोळा होतात आणि मग ऑफिसला कुलूप लागतं. हिशेबाची वही दाखवा म्हणा. खरा व्यापारी दाखवेल.

सीझन, माल आणि जकात

रमजान आणि ईद हा आपल्या कपडा, चप्पल, अत्तर, सुकामेव्याच्या धंद्याचा हंगाम. चूक अशी होते की गेल्या वर्षी काय विकलं हे लिहिलेलं नसतं, म्हणून अंदाजाने माल भरतो. ईदनंतर उरलेला माल म्हणजे अडकलेला पैसा, आणि होलसेलवाल्याची तारीख तर येतेच. यंदा ईदच्या दुसऱ्या दिवशी एवढंच लिहा : काय संपलं, कधी संपलं, काय उरलं. पुढच्या वर्षी ते पान सोन्याचं ठरेल.

जकात हीसुद्धा एक वार्षिक तपासणीच आहे. व्यापाऱ्याने चांद्र वर्षातला एक दिवस ठरवून माल मोजायचा असतो. मोजणी साधारण अशी : विकायला ठेवलेला माल त्या दिवशीच्या बाजारभावाने ३,५०,०००, रोख आणि बँकेतले ६०,०००, येण्याची खात्री असलेली उधारी ४०,०००. एकूण ४,५०,०००. त्यातून होलसेलवाल्यांचं देणं १,५०,००० वजा. राहिले ३,००,०००. अडीच टक्क्यांनी जकात ७,५००. फ्रिज, काटा, फर्निचर, दुकानाची जागा यांवर जकात नाही. आपल्याकडे निसाब बहुतेक ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीवर धरतात. बुडीत उधारी, हप्त्यांचं कर्ज असे बारकावे असतील तर आपल्या आलिमांना विचारा. पण विचारायला जाताना आकडे घेऊन जा. “अंदाजे पाच हजार काढतो” हा हिशेब नाही.

कागदपत्रं : भीती नको, टाळाटाळही नको

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. आधार आणि पॅन लागतं. एजंट हजार-दोन हजार मागतात, ते त्यांच्या मेहनतीचे, सरकारचे नाहीत. शाळेतला दहावीचा मुलगाही मोबाइलवर करून देईल.

गुमास्ता : महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्यात कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांना पूर्ण नोंदणीऐवजी सूचना देऊन पावती घेणं पुरतं. बँकेत खातं उघडताना ती कामी येते. खाण्याच्या वस्तू विकत असाल, घरून का असेना, तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. छोट्या धंद्यासाठी ती सोपी आहे.

जीएसटी : महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्यांना वर्षाची विक्री ४० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते, सेवा देणाऱ्यांना २० लाखांच्या वर. आपल्या उदाहरणातल्या दुकानाची विक्री वर्षाला साधारण २९ लाख, म्हणजे मर्यादेच्या आत. राज्याबाहेर माल विकत असाल तर आधी सल्ला घ्या, तिथे नियम वेगळे आहेत.

२०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात यूपीआयवर आलेल्या रकमा पाहून अनेक छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. त्यानंतर काहींनी क्यूआर कोड काढून टाकले. हा उपाय नव्हे. ज्याच्याकडे खरेदीची बिलं आहेत, घरचे आणि दुकानाचे पैसे वेगळे आहेत, तो उत्तर देऊ शकतो. भाजी, सुटं दूध असा करमुक्त माल किती विकला, हे तो दाखवू शकतो. ज्याचं सगळं एकाच खात्यात आहे, तो काय दाखवणार?

आणि पैशांची तंगी आली की रोज वसुली करणाऱ्या खासगी सावकाराकडे धावू नका. व्याजाचं पाप तर आहेच, शिवाय महाराष्ट्रात परवान्याशिवाय सावकारी करणं २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. आधी आपली उधारी गोळा करा, पडलेला माल कमी भावात काढा, नातेवाइकाकडून कर्जे-हसना घ्या. तोही लिहून आणि तारीख ठरवून.

आज रात्रीपासून

एकदम सगळं होणार नाही. आज इशानंतर दुकान बंद करताना दहा मिनिटं बसा. चार ओळी लिहा : आजची विक्री, आजची खरेदी आणि खर्च, आज दिलेली उधारी, घरी नेलेले पैसे. तीस दिवस लिहा. एकतिसाव्या दिवशी बेरीज करा, आणि मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून करा. त्यांना टक्केवारी येते, मी शिकवली आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर एक यादी ठेवा : मला कोणाचं किती देणं आहे, मला कोणाकडून किती येणं आहे. दर जुम्म्याला ती ताजी करा आणि वही कुठे ठेवली आहे ते घरात सांगून ठेवा. मौत सांगून येत नाही.

अब्बा फार इमानदार होते. त्यांनी कधी काटा मारला नाही, कोणाला रिकाम्या हाती परत पाठवलं नाही. तरी ‘निळा दरवाजा’ कोणाचा, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. अब्बांनी त्या पानांवर पूर्ण नाव आणि तारीख लिहिली असती, तर अम्मींच्या पाटल्या कदाचित आज माझ्या हातात असत्या.